दहा बाय बाराच्या खोलीतले ध्वनिमुद्रण

गेल्या वर्षीची गोष्ट. लालबागच्या एका चाळीत राहणारा, नववीतला माझा एक विद्यार्थी एक कागद घेऊन माझ्याकडे आला. कागदावर ध्वनिमुद्रणाच्या अकरा सॉफ्टवेअरची नावे ओळीने लिहिलेली होती. "सर, यांतले गिटारसाठी सगळ्यांत चांगले कोणते?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "नावे राहू देत. तुला करायचे काय आहे, ते आधी सांग."

त्याने सांगितलेली हकीकत अशी. त्याचे आजोबा तरुणपणी गिरणीत साच्यावर कामाला होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, पण चाळीतले भजनी मंडळ काही सुटले नाही. आता आजोबा सत्तरीला टेकले आहेत. लांब तान घेताना त्यांना दम पुरत नाही. त्यातच चाळ पाडून तिथे नवी इमारत उभी राहायची आहे. मे अखेर सर्वांनी खोल्या रिकाम्या करायच्या. भजनाची मंडळी कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, अशी पांगणार. त्याआधी आजोबांच्या आवाजातला एक अभंग कायमचा जपून ठेवावा, आणि त्याला आपल्या गिटारची साथ असावी, अशी या मुलाची इच्छा होती. एक गिटार कॉर्ड धरण्यासाठी आणि दुसरी मधल्या जागा भरण्यासाठी. वाजवणारा मात्र एकच!

साहित्य काय? धोबी तलावाहून घेतलेली एक साधी लाकडी गिटार, वडिलांचा जुना संगणक, मामाने वापरायला दिलेला एक यूएसबी मायक्रोफोन आणि कानात घालायचे इअरफोन. एका नातलगाने सांगितले होते, की महागडे सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय काही जमायचे नाही. एका मित्राने तेच सॉफ्टवेअर 'फुकटात' पेन ड्राइव्हवर आणून देण्याची तयारी दाखवली होती.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडला असेल. त्याचे उत्तर नावांच्या यादीत सापडत नाही. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेली आज्ञावली. ही आज्ञावली आवाजाचे नेमके काय करते, हे कळले की निवड आपोआप सोपी होते. तेव्हा आधी आवाजाच्या मागे मागे जाऊ या.

तारेपासून आकड्यापर्यंत

गिटारची सर्वांत जाड तार छेडली, की ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा. तारेचे कंपन गिटारच्या लाकडी पोटात जाते, तिथून हवेत. हवेचा दाब कमी-जास्त होत आपल्या कानापर्यंत येतो आणि आपल्याला सूर ऐकू येतो.

मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाबरोबर तो मागेपुढे हलतो आणि त्या हालचालीबरहुकूम विजेचा दाब कमी-जास्त होतो. इथपर्यंतची गोष्ट जुनीच आहे. नवी गोष्ट पुढे घडते. संगणकाला चढउतार कळत नाहीत. त्याला आकडे कळतात. म्हणून विजेचा हा दाब ठरावीक वेळाने मोजून त्याचे आकडे नोंदले जातात.

किती वेळाने? सिनेमाच्या फितीवर सेकंदाला २४ चित्रे असली, तरी आपल्याला हालचाल सलग दिसते. आवाजाला मात्र एवढ्याने भागत नाही. नियम असा आहे, की जी सर्वांत जास्त वारंवारता टिपायची असेल तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप केले पाहिजे. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. त्याची दुप्पट ४०,०००. त्यात थोडी भर घालून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे हा आकडा ठरवण्यात आला, आणि तो आजही सर्रास वापरला जातो.

प्रत्येक मोजमाप किती बारीक असावे? सीडीवर ते १६ बिटांचे असते. एका बिटात ० किंवा १ अशा दोन शक्यता. म्हणून १६ बिटांत २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. फूटपट्टीवर जेवढ्या जास्त रेघा, तेवढे मोजमाप अचूक, तसेच हे.

आता एक हिशेब करू. ४४,१०० गुणिले १६ म्हणजे सेकंदाला ७,०५,६०० बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८८,२०० बाइट. मिनिटाला सुमारे ५३ लाख बाइट. चार मिनिटांचा अभंग, त्यात आजोबांचा आवाज आणि दोन गिटारी, असे तीन ट्रॅक धरले तर सगळे मिळून साडेसहा कोटी बाइटांच्या आतच काम होते. काही सॉफ्टवेअर काम चालू असताना प्रत्येक मोजमापाला १६ ऐवजी ३२ बिट वापरतात. मग जागा दुप्पट लागेल. तरीही ती एका साध्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते. पहिला निष्कर्ष मिळाला: या कामासाठी नवा संगणक घेण्याची गरज नाही.

एकटा माणूस, अनेक वाद्ये

आपल्या या मुलाच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला, व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर स्थापन केले. त्या काळी सिनेगीताचे ध्वनिमुद्रण म्हणजे मोठी परीक्षा असे. गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी गात-वाजवत. शेवटच्या कडव्यात एखाद्या व्हायोलिनवाल्याचा सूर चुकला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

याच सुमारास अमेरिकेत लेस पॉल नावाचा एक गिटारवादक घराच्या गॅरेजमध्ये एक वेगळाच उद्योग करत होता. तो एका तबकडीवर आपली गिटार मुद्रित करी, मग ती तबकडी लावून तिच्याबरोबर दुसरी गिटार वाजवी आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर मुद्रित करी. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेत आठ गिटारी ऐकू येतात. वाजवणारा तो एकटाच. पण यात एक खोट होती. दर वेळी नक्कल करताना तबकडीची खरखर वाढत जाई, आणि एकदा मिसळलेले सूर पुन्हा वेगळे काढता येत नसत. पुढे त्याने एकाच रुंद फितीवर शेजारी शेजारी आठ स्वतंत्र पट्टे असलेल्या यंत्राची कल्पना मांडली. अँपेक्स कंपनीने बनवलेले असे यंत्र १९५७ साली त्याच्या घरी आले.

हे स्वतंत्र पट्टे म्हणजेच ट्रॅक. आज घरगुती ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर नेमके हेच काम करते. फरक एवढाच, की फितीच्या जागी आकडे आले. आकड्यांची नक्कल कितीही वेळा केली तरी ७ चा ७ च राहतो; खरखर वाढत नाही.

चाळीचा नळ आणि उशिरा येणारा सूर

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जाहिरातीत तो फारसा नसतो, आणि नवशिक्याची फजिती मात्र तिथेच होते.

चाळीच्या नळावर पाणी भरताना आपण एकेक पेला भरून घरात नेतो का? नाही. बादली भरेपर्यंत थांबतो आणि मग नेतो. संगणकही तसेच करतो. दर सेकंदाला येणारे ४४,१०० आकडे तो एकेक करून हाताळत नाही. २५६, ५१२, १०२४ अशी 'बादली' भरली, की ती पुढे सरकवतो. तिला बफर म्हणतात. बादली भरायला जो वेळ लागतो, तेवढा आवाज उशिरा येतो.

२५६ भागिले ४४,१०० म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद. १०२४ ची बादली घेतली तर सुमारे २३ मिलिसेकंद. आवाज आत येताना एक बादली आणि बाहेर जाताना एक, अशा किमान दोन बादल्या होतात. म्हणजे ४६ मिलिसेकंद. हा उशीर लहान आहे का? हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. ४६ मिलिसेकंदांत तो १६ मीटर जाईल. म्हणजे तुमची स्वतःची गिटार चाळीच्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी वाजवत आहे आणि ती तुम्हांला इकडे ऐकू येत आहे, असा हा प्रकार! अशाने ताल राहील कसा? २५६ ची बादली घेतली तर हेच अंतर ४ मीटरांवर येते. समोरासमोर बसलेल्या साथीदारांइतके म्हणा ना.

मग लहानात लहान बादली का घेऊ नये? कारण जुन्या संगणकाची धावपळ होते. त्याला वेळेवर बादली उचलता आली नाही तर आवाजात 'टक्‌ टक्‌' असे तुटक ठोके येतात. म्हणून रीत अशी: वाजवताना बादली लहान, आणि नंतर सर्व ट्रॅक एकत्र जुळवताना मोठी.

लाकडी गिटारवाल्याला याहून सोपा उपाय आहे. आपली गिटार संगणकातून फिरवून ऐकायचीच नाही. इअरफोन एका कानात, आधीचे ट्रॅक ऐकण्यापुरता; दुसरा कान मोकळा. इअरफोन मात्र तारेचा हवा. बिनतारी इअरफोन आवाज पोहोचवायला स्वतःचा आणखी वेळ घेतात. शिवाय इअरफोनऐवजी स्पीकर लावला, तर आधीचा ट्रॅक पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो.

पाच कसोट्या

इतके समजल्यावर आम्ही दोघांनी त्या अकरा नावांच्या कागदामागे पाच प्रश्न लिहिले.

१. आधीचा ट्रॅक ऐकता ऐकता नवा ट्रॅक मुद्रित करता येतो का?

२. उशिरा नोंदलेला ट्रॅक मागे सरकवून जागेवर आणण्याची सोय आहे का?

३. चूक झाली तर मागे जाता येते का?

४. आपल्याजवळच्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही चालते का?

५. तयार झालेले काम सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता येते का?

हे प्रश्न हाती आल्यावर अकरांपैकी चारच नावांचा विचार करणे पुरेसे झाले. गॅरेजबँड चांगले आहे आणि शिकायला सोपे. पण ते फक्त ॲपल कंपनीच्या यंत्रांवर चालते. या मुलाच्या घरी तसा संगणक नव्हता. बँडलॅब मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये चालते. पण त्याचे बरेचसे काम इंटरनेटच्या आधाराने, आणि चाळीतल्या त्या खोलीत इंटरनेटचा भरवसा नव्हता. रीपर हे पुष्कळ ताकदीचे असून जुन्या संगणकावरही हलके चालते. ते साठ दिवस वापरून पाहता येते, नंतर परवाना विकत घ्यावा लागतो. पुढेमागे गंभीरपणे हे काम करणाऱ्याला ते उपयोगी पडेल. पण त्यातील बटणांच्या गर्दीत नवशिका हरवतो.

उरले ऑडॅसिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते तयार करण्यास सुरुवात केली आणि २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. ते मोफत आहे, आणि त्याची आज्ञावलीही कुणालाही वाचता येते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. संगणकातलीच वाद्ये कीबोर्डवरून वाजवून गाणे रचायचे असेल, तर ते मुख्यतः त्यासाठी बनवलेले नाही. पण खरा आवाज टिपायचा, त्यावर दुसरा चढवायचा, कापायचा, जुळवायचा, यासाठी पाचही प्रश्नांना त्याचे उत्तर 'होय' असे आले.

आणि पेन ड्राइव्हवरचे ते फुकटचे महागडे सॉफ्टवेअर? कुलूप फोडून आणलेल्या मालाबरोबर चोरही घरात येतो. अशा सॉफ्टवेअरमधून संगणकात घातक आज्ञावली शिरण्याचा धोका असतो. शिवाय मोफत मिळणारी चांगली वस्तू समोर असताना चोरीची घेण्याचे कारणच काय?

सॉफ्टवेअरला न जमणारी कामे

निवड झाली. पण खरे कष्ट इथूनच सुरू झाले.

पहिली अडचण जागेची. खोली दहा बाय बारा फुटांची; खाली रस्ता, वर पंखा, शेजारी कुकरची शिटी. ऑडॅसिटीत खरखर कमी करण्याची सोय आहे. पंख्यासारखा एकसारखा आवाज ती बराच कमी करते. पण कुकरची शिटी ती काढू शकत नाही, आणि सोय जास्त वापरली तर गाणाऱ्याचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागतो. म्हणून आवाज मुळातच कमी हवा. पाणी येऊन गेले आहे, माणसे कामावर गेली आहेत, अशी अकराची वेळ सुटीच्या दिवसांत त्यांनी निवडली. पंखा बंद. मागच्या भिंतीवर आणि दारावर गोधड्या टांगल्या. गोधडी बाहेरचा आवाज अडवत नाही, हे लक्षात ठेवा. ती खोलीतल्या खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज शोषून घेते, तोही मुख्यतः वरच्या वारंवारतेचा.

दुसरी युक्ती अंतराची. मायक्रोफोन निम्म्या अंतरावर आणला, की गाणाऱ्याच्या आवाजाचा दाब सुमारे दुप्पट होतो. रस्त्याचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. आजोबांसाठी मायक्रोफोन वीतभर अंतरावर, तोंडासमोर नव्हे तर जरा बाजूला ठेवला, म्हणजे 'प', 'फ' उच्चारताना येणारा वारा थेट पडद्यावर आदळत नाही. गिटारसाठी तो बाराव्या पडद्याच्या समोर, साधारण एक फुटावर. पोटाच्या भोकासमोर धरला तर नुसता घुमणारा आवाज येतो.

तिसरी गोष्ट पातळीची. आकड्यांना कमाल मर्यादा असते. आवाज त्यापलीकडे गेला, की लहरींचे माथे कापले जातात, आणि मग ते कुठल्याही उपायाने नीट भरून येत नाहीत. सॉफ्टवेअरमधील मापक पट्टीवर ही मर्यादा शून्य डेसिबल असते. सर्वांत मोठा सूरही उणे ६ च्या वर जाणार नाही, असे बेताने ठेवावे.

आधी कोण?

मुलाने पहिल्यांदा मेट्रोनोमच्या ठोक्यावर गिटार मुद्रित केली आणि तीवर आजोबांना गायला सांगितले. ते जमेना. अभंग गाताना आजोबा एखाद्या शब्दावर रेंगाळत, पुढची ओळ जरा लवकर उचलत. ठोका मात्र थांबत नव्हता. आजोबा वैतागले. "तुझं यंत्र मला गिरणीच्या भोंग्यासारखं हाकतंय रे!" असे म्हणून ते उठून गेले.

मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी आजोबा, मागून गिटार. आजोबांच्या कानात मोबाइलवरचा तंबोरा लावला, काळी एकमध्ये, म्हणजे सूर हलणार नाही. गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो लावला. त्यामुळे पांढरी एकची बोटे ठेवूनच काळी एकचे सूर निघू लागले. कुठे रेंगाळायचे, कुठे उचलायचे, हे आता आजोबा ठरवत होते आणि नातू मागे जात होता. साथ म्हणतात ती हीच!

तरीही पहिला ट्रॅक ऐकला तेव्हा गिटार सगळीकडे किंचित मागे होती. मुलाचा चेहरा पडला. "सर, मी तर बरोबर वाजवले होते." तो खरेच बरोबर होता. बादल्यांचा तो प्रताप होता. खाली दिलेल्या रीतीने आम्ही उशीर मोजला, तो ९० मिलिसेकंद निघाला. तेवढी दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली आणि गिटार आजोबांच्या शब्दाला येऊन मिळाली.

करून पाहा

मेट्रोनोमचे ठोके असलेला एक ट्रॅक तयार करा. इअरफोन मायक्रोफोनला अगदी चिकटवून धरा. तो ट्रॅक वाजवत असतानाच दुसरा ट्रॅक मुद्रित करा. आता चित्र मोठे करून पाहा. खालच्या ट्रॅकमधील ठोके वरच्यापेक्षा जरा उजवीकडे दिसतील. दोन्हींमधील अंतर मिलिसेकंदांत मोजा. दहा ठोक्यांची सरासरी काढा. हाच तुमच्या यंत्राचा उशीर. सॉफ्टवेअरच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये ही दुरुस्ती भरण्याची जागा असते. ती भरून प्रयोग पुन्हा करा आणि ठोके एकाखाली एक आले का ते तपासा. शिक्षकांना हा प्रयोग ध्वनीच्या पाठाबरोबर वर्गात सहज करून दाखवता येईल. बफरचा आकार बदलला की उशीर कसा बदलतो, याचा आलेखही विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.

चाळ मे महिन्यात रिकामी झाली. अभंग त्याआधी तीन आठवडे पूर्ण झाला होता. मुलाने तो मित्रांना पाठवण्यासाठी एमपीथ्री स्वरूपात काढला. त्यात जागा वाचवण्यासाठी काही माहिती गाळलेली असते, आणि गाळलेले परत मिळत नाही. म्हणून जपून ठेवण्यासाठी त्याने तिन्ही ट्रॅक वेगवेगळे, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, काहीही न गाळता ठेवले. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक गिरगावला आत्याकडे. एक यंत्र बिघडले तरी आवाज जाणार नाही.

आता आजोबा नातवाच्या मागे लागले आहेत, की मंडळातल्या बाकीच्यांचेही एकेक पद असेच उतरवून घे. त्यासाठी दर रविवारी गिटार, मायक्रोफोन आणि दोन गोधड्या घेऊन हे आजोबा-नातू लोकलने एकेकाच्या घरी जातात.